घरी बनवलेला व्हॅक्यूम चक: वाडगा लावला की गेज ११ वरच थांबतंय, गळती कुठे शोधू?

लाकूडवेडी

नमस्कार मंडळी. वाडगा आतून बाहेरून कातून झाला की उलटा धरून बुडाचा टेनन (कातताना धरायला ठेवलेला गड्डा) काढायला व्हॅक्यूम चक (हवा ओढून वाडगा धरणारी पकड) हवा होता, तो घरीच बनवलाय. आत्तापर्यंत जॅम चकवर (वाडगा दाबून बसवायचा लाकडी साचा) भागवत होते पण दर वाडग्याला नवा जॅम चक कातत बसा, आणि काठ पातळ असला की तो दाबून बसवताना जीव खालीवर होतो.

रचना सांगते. लेथचा स्पिंडल, म्हणजे फिरणारा दांडा, आरपार पोकळ आहे. स्पिंडलमधून एक पोकळ आट्यांचा रॉड घातलाय, हँडव्हीलच्या बाजूला त्याच्यावर बेअरिंगवाला अडॅप्टर, त्याला होस, पुढे टी, तिथे गेज आणि हवा सोडायचा बॉल व्हॉल्व्ह, मग फिल्टर आणि शेवटी पंप. पंप ऑइललेस रोटरी व्हेन, ३ सीएफएम (मिनिटाला ३ घनफूट हवा). चक म्हणजे १८ मिमी एमडीएफच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवून फेसप्लेटला (स्पिंडलवर बसणारी तबकडी) स्क्रू केल्यात, त्यात गोल खाच पाडून ११० मिमी पीव्हीसी पाइपाचा तुकडा इपॉक्सीने बसवलाय, आणि पाइपाच्या कडेवर ६ मिमी जाडीचा काळा फोम, जुन्या पॅकिंगमधला.

आता आकडे. होसचं तोंड अंगठ्याने बंद केलं तर गेज २५ इंच (पाऱ्याचे) दाखवतं. चकवर ॲक्रिलिकची सपाट शीट धरली तर १७. आणि वाडगा लावला की ११, त्याच्या वर काही केल्या जात नाही. वाडगा रेड ओकचा आहे, साधारण २५० मिमी व्यास, भिंत ८ मिमी, आत अजून फिनिश लावलेलं नाही.

११ वर कातलं तर चालेल का? की पंपच मोठा घेऊ? खूप ठिकाणी शोधलं पण जो तो आपापल्या तयार चकचे फोटो टाकतो, गळती शोधायची कशी ते कोणी नीट सांगत नाही.

जुना_गाऊज

ताई, पंपाला आधी हात लावू नका. तुमचे तीन आकडेच सगळं सांगतायत, फक्त ते वेगवेगळे वाचायचे.

२५ म्हणजे पंप, होस, फिल्टर, टी हे सगळं ठणठणीत. समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण २९.९ इंच पारा असतो, त्यामुळे पंप कितीही भारी असला तरी गेज त्याच्या पुढे जाऊच शकत नाही, आणि उंचावर राहणाऱ्यांना तर दर ३०० मीटरला साधारण १ इंच कमीच मिळतो. १५०० मीटरवर कोणी २५ च्या पुढे जात नाही म्हणून पंप परत पाठवत असेल तर उगाच त्रास करून घेतोय.

२५ चे १७ झाले म्हणजे ८ इंच अडॅप्टर ते फोम या टप्प्यात गेले. आणि १७ चे ११ झाले ते लाकडाने खाल्ले. दोन वेगळे रोग आहेत, औषधंही वेगळी.

पहिल्या टप्प्यात माझा पहिला संशय एमडीएफवर. एमडीएफ दिसायला घट्ट दिसतो पण त्यातून हवा आरामात जाते. सीएनसी राउटरवाले व्हॅक्यूम टेबलवर मुद्दाम एमडीएफची शीट टाकतात, वरचा कडक थर रंधून काढतात आणि मग शीटमधूनच हवा ओढून वरचं काम धरून ठेवतात. म्हणजे त्यांना जे हवंय नेमकं तेच तुमच्या चकमध्ये नको असताना चाललंय. चकतीच्या दोन्ही सपाट बाजू त्यातल्या त्यात बऱ्या, पण कापलेली गोल कड आणि मधलं भोक म्हणजे उघडा गाभा, तिथून हवा सर्रास जाते. शिवाय पाइपासाठी जी खाच पाडलीत तिथेही वरचा थर निघालाय.

उपाय सोपा आहे. इपॉक्सी थोडी कोमट करा म्हणजे पातळ होते, आणि ब्रशने सगळीकडे पाजा, कड, भोकाची आतली भिंत, स्क्रूची भोकं, फेसप्लेटकडची बाजू, सगळं. पहिला हात तो पिऊन टाकेल, पोटात गेला की दुसरा द्या. पाइपाच्या आतल्या कोपऱ्यात, जिथे पीव्हीसी आणि एमडीएफ भेटतात तिथे इपॉक्सीचा जाडसर गोट फिरवा. पीव्हीसीला इपॉक्सी नुसती लावली तर कालांतराने सुटते, आधी ८० नंबरच्या कागदाने घासून खरखरीत केलं होतं ना? नसेल तर त्या जोडावर लक्ष ठेवा.

पण हे सगळं करायच्या आधी एकदा खात्री करून घ्या. पंप चालू, लेथ बंद, चकवर शीट, आणि पॅकिंगची रुंद चिकटपट्टी घेऊन एकेक जागा बंद करत जा. एमडीएफची कड गुंडाळली आणि काटा वर सरकला तर चोर सापडला. मेण किंवा ग्रीस चोपडून बघू नका, काटा त्यानेही हलेल पण नंतर तिथे इपॉक्सी धरणार नाही. साबणाच्या पाण्याचाही उपयोग नाही, इथे हवा आत जातेय, बुडबुडे बाहेर येणार कुठून.

टूलरेस्ट_२२

गाऊज काकांशी सहमत, फक्त फोमबद्दल वेगळं सांगतो. पॅकिंगमधला फोम ओपन सेल असू शकतो, म्हणजे आतली छिद्रं एकमेकांना जोडलेली, त्यातून हवा बाजूने आत येते. ओळखायचं असेल तर एक तुकडा कापून तोंडाला घट्ट लावून फुंका, फुंकर पलीकडे गेली की तो चालणार नाही. क्लोज्ड सेल निओप्रीन घ्या किंवा हस्तकलेला वापरतात ती ईव्हीए फोमची शीट घ्या, दोन्ही चालतात.

जाडीबद्दल जरा ठासून सांगतो कारण याकडे कोणी बघत नाही. ६ मिमी फार झालं. जाड फोमवर वाडगा बसतो छान, गेजही चांगलं दाखवतं, पण टूल टेकवलं की वाडगा फोमवर डुलतो, कापाला लाटा पडतात आणि माणूस गाऊजची (कातायच्या हत्याराची) धार परत परत लावत बसतो. २ ते ३ मिमी पुरे. पाइपाची कड आधी लेथवरच हळू स्पीडला स्क्रॅपरने खरी करा आणि बाहेरून आतून गोलाई द्या, कारण वाडग्याची आतली बाजू वक्र असते आणि चौकोनी कडेचा फक्त एक कोपराच टेकतो. कड खरी नसेल तर फोम ते झाकून टाकतो आणि तुम्हाला वाटतं वाडगाच वेडावाकडा कातला गेलाय. फोम लावताना पट्टीची दोन टोकं तिरकी कापून जोडा, किंवा शीटमधून अख्खं कडंच कापा म्हणजे सांधाच राहत नाही.

अडॅप्टरमधलं बेअरिंगही बघा. त्यावर झेडझेड लिहिलं असेल तर ते पत्र्याचं झाकण आहे, आतल्या रिंगला टेकतच नाही, हवा आत घेतं. २आरएस म्हणजे रबराचं सील, ते घ्या. ६०८ असो की ६००१, दोन्ही मापांत २आरएस मिळतं.

लाकूडवेडी

बेअरिंग बघितलं, झेडझेडच निघालं. फोम फुंकून बघितला, फुंकर सरळ पलीकडे. आणि एमडीएफच्या कडेला चिकटपट्टी गुंडाळल्यावर शीटवरचा काटा १७ वरून २० वर गेला. म्हणजे तिन्ही ठिकाणी आहे. इपॉक्सी, बेअरिंग, फोम तिन्ही करते.

पण लाकडाचं काय? तिथे ६ इंच जातायत ते कसे थांबवू? आणि साधारण किती आकडा आला की बिनधास्त कातायचं?

मंद_स्पीड

लाकडाचं मी सांगते, रेड ओकवर मी पुष्कळ काम केलंय.

रेड ओकच्या नळ्या आरपार मोकळ्या असतात. एक बारीक लांब तुकडा घेऊन एंड ग्रेनकडून (लाकडाच्या रेषांच्या कापलेल्या टोकाकडून) फुंकलं तर दुसऱ्या टोकाला पाण्यात बुडबुडे येतात, करून बघा, इतकं उघडं लाकूड आहे. व्हाइट ओकमध्ये त्याच नळ्या टायलोसिसने (नळ्यांच्या आत झाडानेच वाढवलेली बुजवण) बुजलेल्या असतात, म्हणून पिंपं त्याची करतात आणि रेड ओकची करत नाहीत. तर तुमच्या वाडग्याच्या दोन बाजूंना एंड ग्रेन आहे, तिथून हवा भिंतीतून आणि बुडातून थेट ड्रमच्या, म्हणजे तुमच्या त्या पाइपाच्या तुकड्याच्या, आत येतेय. मोठा पंप घेतलात तर काटा थोडा वर जाईल हे खरं, कारण अशा गळक्या लाकडाला शेवटचा इंच किती गाठतो यापेक्षा पंप मिनिटाला किती हवा ओढतो ते महत्त्वाचं. पण तुमचा ३ सीएफएम पुरेसा आहे, लाकूड बंद करा.

आतलं फिनिश आधी पुरं करा. सँडिंग सीलर किंवा शेलॅकचे दोन हात, पूर्ण सुकू द्या, मग चकवर चढवा. तसंही बूड कातायला घेईपर्यंत आतलं काम संपलेलंच असतं. बाहेरून काठापासून खाली जिथपर्यंत टूल जाणार नाही तिथपर्यंत चिकटपट्टी किंवा क्लिंग फिल्म गुंडाळा, फक्त फिल्मचं टोक नीट चिकटवा, फिरताना सुटलेलं टोक वाईट. एक लक्षात ठेवा, टेनन कातताना दर कापाला नवीन छिद्रं उघडतात, त्यामुळे सुरुवातीला १८ दाखवणारं गेज शेवटी १६ दाखवू शकतं. मी गेज लेथच्या समोर, डोळ्यांच्या रेषेत लावलंय, पंपाजवळ खाली ठेवलं तर बघितलंच जात नाही.

आकड्याबद्दल. नुसत्या इंचांवर जाऊ नका, क्षेत्रफळाशी गुणा. तुमच्या ड्रमचा आतला व्यास १०० मिमी धरला तर क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंमी. ११ इंचाला दर चौरस सेंमीला साधारण ०.३८ किलो, म्हणजे एकूण जेमतेम ३० किलो पकड. २० इंचाला ०.६९ किलो, म्हणजे ५४ किलो. तोच २० इंच ७५ मिमीच्या ड्रमवर ३० किलो देतो आणि १५० मिमीच्या ड्रमवर १२० च्या पुढे. म्हणून वाडग्यात मावेल तेवढा मोठा ड्रम वापरायचा, एकच ड्रम सगळीकडे चालवायचा नाही. दोन तीन मापं करून ठेवा, पाइप तर आहेच.

३० किलो ऐकायला खूप वाटतं. पण ती पकड सरळ मागे ओढणारी आहे, आणि टूल ढकलतं बाजूने, तेही ड्रमच्या कडेपासून लांब. समजा बूड फोमपासून १० सेंमी पुढे आहे. वाडगा ड्रमच्या कडेवर कलंडायला हवा तो जोर म्हणजे ३० गुणिले ५ भागिले १०, १५ किलो. आणि हा हिशोब कागदावरचा, सगळं आदर्श धरून. गाऊज एकदा अडकला की एवढा जोर सहज येतो. ५४ किलोला तोच आकडा २७ होतो. म्हणून १०० मिमीच्या ड्रमवर १८ च्या खाली मी टेलस्टॉक (समोरून काम दाबून धरणारा लेथचा भाग) काढत नाही, हा माझा नियम.

जुना_गाऊज

मंद_स्पीड ताईंचा हिशोब एकदम बरोबर. त्यात उलटी बाजूही धरा, जास्त व्हॅक्यूम नेहमीच चांगला असं नाही. ड्रम मोठा आणि बूड पातळ, ४-५ मिमी वगैरे, तर तेवढा सगळा भार बुडाच्या मधल्या भागावर येतो आणि बूड आत बसू शकतं, मधे गाठ किंवा तडा असेल तर नक्कीच. काठ चकच्या सपाट तबकडीवर टेकवून अख्खा वाडगा आत घेणारे असतात, त्यांच्या तर भिंतींवरही दाब येतो. तो बॉल व्हॉल्व्ह त्यासाठीच आहे. आधी पूर्ण उघडा, पंप चालू, मग हळूहळू बंद करत हवा तेवढाच आकडा आणा. बॉल व्हॉल्व्ह एकदम पकडतो, बारीक कमीजास्त करायला नीडल व्हॉल्व्ह जास्त बरा.

आणि टेलस्टॉक शेवटपर्यंत लावून ठेवायचा. टेनन बोटाएवढा उरेपर्यंत टेलस्टॉकसकट कातायचं, मग शेवटचा गड्डा काढायला तेवढा मागे घ्यायचा. स्पीड ५०० ते ८०० आरपीएम, तोंडावर पूर्ण शील्ड, आणि वाडगा सुटला तर ज्या रेषेत जाईल तिथे उभं राहायचं नाही. हलके काप, धार ताजी.

रंधा

मधेच घुसतोय. सेंटरिंग कसं करता? माझा वाडगा व्हॅक्यूमवर लावला की दरवेळी एखाद मिलिमीटर तरी बाहेर जातो आणि मग टेनन एका बाजूला जाड कापला जातो.

टूलरेस्ट_२२

दोन रस्ते आहेत. सोपा म्हणजे वाडगा पहिल्यांदा धरलेला असताना, टेनन कातता कातताच त्याच्या मध्यात टोकदार छोटी खूण पाडून ठेवायची, ती पुसायची नाही. उलटा करून ड्रमवर टेकवला की टेलस्टॉकचं लाइव्ह सेंटर (कामाबरोबर फिरणारं टोक) त्या खुणेत आणायचं, हलका दाब द्यायचा, आणि मग व्हॉल्व्ह बंद करायचा. क्रम महत्त्वाचा, आधी सेंटर मग व्हॅक्यूम. उलटं केलं तर फोम वाडग्याला जिथे पकडतो तिथेच पकडून ठेवतो आणि सेंटरने ढकलून तो हलत नाही, नुसता ताण राहतो. टेलस्टॉक काढला की परत आपल्या जागी जातो.

दुसरा रस्ता जास्त अचूक. वाडगा जबड्यांच्या चकमधून काढायचाच नाही. चक वाडग्यासकट स्पिंडलवरून उतरवायचा आणि टेलस्टॉकवर बसवायचा, त्यासाठी लाइव्ह सेंटरवर बसणारा आणि पुढे स्पिंडलसारखेच आटे असलेला अडॅप्टर लागतो. मग टेलस्टॉक पुढे सरकवून वाडगा ड्रमवर टेकवा, व्हॅक्यूम द्या, आणि मगच जबडे सोडा. ज्या अक्षावर कातला त्याच अक्षावर धरला जातो. अडॅप्टरचे आटे आपल्या लेथच्या आट्यांशी जुळतात का ते मात्र आधी बघा, एम३३ गुणिले ३.५, १ इंच ८ टीपीआय (इंचाला ८ आटे), १¼ इंच ८ टीपीआय अशी बरीच मापं चालतात.

हे दोन्ही करूनही बाहेर जात असेल तर ड्रमची कड खरी नाही किंवा फोमची जाडी सगळीकडे सारखी नाही. डायल इंडिकेटर असेल तर तो पाइपाच्या कडेला लावून हाताने एक फेरा फिरवून बघा.

भुसा_सगळीकडे

माझा प्रश्न थोडा वेगळा. माझ्याकडे पंप नाही, घरातला व्हॅक्यूम क्लीनर आहे. त्यावर चालतं असं काही जण म्हणतात, खरंय का?

मंद_स्पीड

चालतं, पण क्लीनरची ताकद कुठे आहे ते समजून घ्या. तो हवा खूप ओढतो आणि दाब थोडाच तयार करतो, साधारण २० किलोपास्कल, म्हणजे ६ इंचाच्या आसपास. १०० मिमीच्या ड्रमवर ते १५-१६ किलो झाले, नको. पण २०० मिमीच्या ड्रमवर ३१४ चौरस सेंमी म्हणजे ६० किलोच्या पुढे जाता, ते मोठ्या उथळ ताटाला पुरतं. हवा खूप ओढत असल्यामुळे गळक्या लाकडाचं त्याला फारसं काही वाटत नाही, हा फायदा. पण वाट मोठी हवी, ८ मिमीच्या नळीतून क्लीनर चालवण्यात अर्थ नाही.

मोटर मात्र जपा. बऱ्याच घरगुती क्लीनरची मोटर आत ओढलेल्या हवेनेच गार राहते. तोंड पूर्ण बंद केलंत तर मोटर तापते आणि जळू शकते, म्हणून बाजूला एक छोटं भोक कायम उघडं ठेवावं लागतं आणि एका वेळी काही मिनिटंच चालवायचं.

फ्रिज-एसी दुरुस्तीवाल्यांचा पंप मिळत असेल तर तो खूप खोल व्हॅक्यूम देतो, पण तो गॅसच्या बंद नळ्या रिकाम्या करण्यासाठी असतो. लाकडातून सतत हवा येत राहिली की एक्झॉस्टमधून तेलाचं धुकं बाहेर पडतं, तेलाची पातळी उतरते आणि ते धुकं दुकानभर बसतं, फिनिश लावायच्या लाकडावरसुद्धा. एक्झॉस्टला नळी लावून बाहेर सोडा आणि तेल बघत राहा. आणि पंप कुठलाही असो, फिल्टर हवाच. ऑइललेस पंपाच्या कार्बनच्या पात्या बारीक भुशाने झिजतात, पंप संपतो तो बहुतेक त्यानेच.

लाकूडवेडी

सगळ्यांचे मनापासून आभार. इपॉक्सीचे दोन हात, २आरएस बेअरिंग आणि ३ मिमी निओप्रीन एवढं झालं, शीटवर आता २३ येतंय. वाडग्याला आतून शेलॅक लावलंय, सुकला की सेंटरची खूण पकडून लावते. एक शेवटचं विचारते, कातताना मधेच वीज गेली तर?

जुना_गाऊज

टी आणि पंपाच्या मधे चेक व्हॉल्व्ह आणि त्याच्या चककडच्या बाजूला एक छोटी टाकी जोडा. पंप बंद पडला की चेक व्हॉल्व्ह पंपाकडून उलटी येणारी हवा अडवतो आणि टाकीतला व्हॅक्यूम लाकडाची गळती थोडा वेळ भरून काढतो, तेवढ्यात लेथ थांबतो. टाकी दाब सहन करणारी घ्या, जुना कॉम्प्रेसरचा किंवा गॅसचा छोटा पण रिकामा आणि नीट साफ केलेला सिलिंडर चालतो, पातळ पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा डबा चेपतो. किती वेळ मिळतो ते आधीच मोजून ठेवा, लेथ बंद असताना वाडगा लावा, पंप बंद करा आणि काटा १५ च्या खाली यायला किती सेकंद लागतात ते बघा. लेथ फुल स्पीडवरून थांबायला लागतो त्यापेक्षा ते जास्त असायला हवेत. काम संपवतानाही स्पिंडल पूर्ण थांबेपर्यंत पंप चालूच ठेवा, एक हात वाडग्याखाली द्या आणि मग व्हॉल्व्ह उघडा.